परत मागून घेतलेला फोटो : बंद स्टुडिओच्या निगेटिव्हचं एक प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या कोयना खोऱ्यात घडलं. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह, म्हणजे ज्यांवरून फोटोच्या प्रती छापत त्या उलट्या उजेड-सावलीच्या फिल्म आणि काचा, आज गावोगावी माळ्यावर पडून आहेत. घरातल्या एखाद्या तरुणाच्या हाती त्या लागतात, मोबाईलवर त्यांचे फोटो होतात आणि संध्याकाळपर्यंत शेकडो लोकांनी ते पाहिलेले असतात. ही ओढ मला मनापासून आवडते. पण या घाईत एक पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. ती गाळल्यावर काय होतं, हे इथे नीट दिसलं.

पार्श्वभूमी

गाव बाजाराचं. आसपासच्या वाड्यावस्त्यांना फोटो काढायचा तर इथेच यावं लागे. 1950 च्या दशकाच्या मध्यावर एका तरुणाने कराडला कामावर राहून धंदा शिकून घेतला आणि इथे स्टुडिओ टाकला. पुढच्या खोलीत स्टूल, दोन मोठे दिवे आणि राजवाड्याचा जिना रंगवलेला पडदा, मागे डार्करूम. सुरुवातीला काचेच्या प्लेटा, मग 120 नंबरच्या फिल्मचा रोल. बाजाराच्या दिवशी पासपोर्ट आणि बस्ट साईजची गर्दी, लग्नसराईत कॅमेरा घेऊन खोऱ्यातल्या गावांना पायी फेऱ्या. पुढे रंगीत फोटो आला, शहरात कलर लॅब झाल्या, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओला कुलूप लागलं.

एरवी अशा स्टुडिओचा साठा हा त्या गावापुरता ठेवा असतो. इथे गोष्ट वेगळी होती. कोयना धरणाचं पाणी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला चढलं आणि खोऱ्यातली कितीतरी गावं शिवसागर जलाशयाखाली गेली. माणसं उठून सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत पांगली. पाठोपाठ 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. घरं पडली तसे भिंतीवरचे फोटोही ढिगाऱ्यात गेले. ज्यांचं गावच पाण्याखाली आहे किंवा ज्यांचं घर त्या पहाटे कोसळलं, अशा कुटुंबांच्या आजी-आजोबांचा एकमेव चेहरा या स्टुडिओच्या माळ्यावर शिल्लक होता, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्टुडिओवाले आजोबा वारले. 2022 साली जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं आणि माळा रिकामा करताना नातवाला पेट्या सापडल्या. आत आग्फाच्या कागदाचे रिकामे डबे, त्यांत बटर पेपरची पाकिटं, प्रत्येक पाकिटावर शाईने घातलेला नंबर. सोबत कापडी बांधणीच्या नोंदवह्या होत्या. त्यात नंबर, नाव, गाव, साईज, किती कॉप्या, आगाऊ किती, बाकी किती, असं एका ओळीत सगळं. नोंदवह्या नातवाने बाजूला ठेवल्या. त्याचं लक्ष निगेटिव्हवर होतं, आणि कुणाचंही असंच झालं असतं.

नातू पुण्याच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करतो. फोटोग्राफीचं शिक्षण नाही, पण डोळा आहे. टॅबलेटचा पडदा पांढरा करायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवायची, मोबाईलने टिपायची आणि ॲपमध्ये उलटी करायची, ही युक्ती त्याने स्वतःच बसवली. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री एक फोटो टाकायला सुरुवात केली. नवी मुंबईत माथाडी कामाला असलेली खोऱ्यातली माणसं त्या ग्रुपवर होती, सुरतेला असलेली होती, निवृत्त शिक्षक होते. लोक रात्री फोटोची वाट पाहू लागले. "हा आमचा थोरला चुलता", "मागे दिसतंय ते जुनं विठ्ठल मंदिर", असे निरोप यायचे. मग फोटो दुसऱ्या गावांच्या ग्रुपवर गेले, तिथून आणखी पुढे गेले.

अडचण

मुख्य घटनेआधी दोन छोट्या गोष्टी झाल्या. त्या वेळी कुणी त्यांच्याकडे इशारा म्हणून पाहिलं नाही.

एका फोटोत नवरीची नथ उजव्या नाकपुडीत आणि पदर उजव्या खांद्यावर होता. ही बाई आपल्याकडची वाटत नाही, असं कुणीतरी लिहिलं आणि त्यावर चर्चा झडली. झालं होतं एवढंच, की निगेटिव्ह उलट्या अंगाने ठेवली गेली होती. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजूला चित्राचा थर असतो. बाजू चुकली की डावं-उजवं फिरतं आणि नवरी परक्या मुलखाची होते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. एका बाईचा मुलासोबतचा फोटो होता. कपाळावर काही दिसेना, म्हणून नातवाने खाली लिहिलं, "विधवा आई आणि मुलगा, साधारण 1970". दुसऱ्या दिवशी वाशीहून फोन आला: आमची आजी सवाष्ण गेली, असं कसं लिहिता? कपाळावर कुंकू होतंच. कृष्णधवल फिल्म लाल रंगाशी कशी वागते, हे माहीत नसल्याचा हा परिणाम. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना लाल दिसत नाही, त्यामुळे त्यांवर कुंकू काळंकुट्ट येतं. नंतरच्या पँक्रोमॅटिक, म्हणजे लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या, फिल्मवर, त्यातही पिवळट दिव्यांच्या उजेडात, लाल इतकं फिकं येतं की कुंकू कातडीच्या रंगात बुडून जातं. स्टुडिओवाल्यांना हे पक्कं ठाऊक असे. गिऱ्हाइकाला द्यायच्या प्रिंटवर ते बारीक ब्रशने शाईचा ठिपका देत. त्या घराला मिळालेल्या फोटोत कुंकू होतं, माळ्यावरच्या निगेटिव्हमध्ये नव्हतं.

माझ्या मते सगळं प्रकरण या ठिपक्यात आहे. निगेटिव्ह म्हणजे त्या घराला मिळालेला फोटो नव्हे. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण आजोबांनी निगेटिव्हवरच पेन्सिलने भरलेले असत; प्रिंटमध्ये गाल गुळगुळीत दिसे. तीच निगेटिव्ह आज मोठी करून पाहिली की पेन्सिलीच्या रेघोट्याही दिसतात आणि त्यांच्याखालचे व्रणही. म्हणजे आपण लोकांना पाठवतो ते चित्र त्या माणसाने आपलं म्हणून कधी पाहिलेलंच नसतं.

नातवाने वाशीच्या कुटुंबाची माफी मागितली, मजकूर बदलला आणि काम पुढे चालू ठेवलं. मग तिसरा फोटो आला.

सतरा-अठराची मुलगी, राजवाड्याच्या पडद्यासमोर उभी, एक हात फुलदाणीच्या स्टुलावर. नजर थेट कॅमेऱ्यात. साल 1965. फोटो विलक्षण चांगला आहे. डावीकडचा उजेड गालावरून गळ्यापर्यंत उतरत जातो आणि पदराची किनार धारदार उमटली आहे. तो सगळ्यांना आवडला, म्हणूनच तो सगळ्यात लांब गेला. कुणीतरी तो रंगीत करून घेतला. कुणीतरी वर "कोयनेची लेक" असं लिहून त्याचं शुभेच्छापत्र केलं. आणि एका जाणकाराने, चांगल्याच हेतूने, खाली माहिती दिली: ही अमक्या वाडीची, हिला तमक्या गावचं स्थळ आलं होतं, ते मोडलं.

ती मुलगी आज पंचाहत्तरीच्या घरात आहे आणि नातवंडांच्यात राहते. शेजारच्या सुनेने मोबाईल आणून तिला तो फोटो दाखवला. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाने नातवाला फोन करून जे बोलायचं ते बोलून घेतलं.

कोणकोणते पर्याय होते

मला या टप्प्यावर विचारलं गेलं. जुन्या फोटोंच्या जतनाचं काम मी करते, आणि नातवाची अपेक्षा अशी होती की मी काही नियम सांगेन. नियम थोडे होते, प्रश्न जास्त होते.

नातवाच्या वडिलांचं म्हणणं सरळ होतं. पेट्या बांधा आणि विषय संपवा, गावात राहायचं आपल्याला आहे. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण पेट्या बांधल्या तर बुडालेल्या गावांच्या माणसांचे चेहरेही त्यात बांधले जाणार होते. शिवाय ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म स्वस्थ पडून राहत नाही. ओल आणि उष्मा मिळाला की तिच्यातून व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आकसते, थराला सुरकुत्या पडतात, आणि एका पाकिटातला वास शेजारच्या पाकिटांनाही नासवतो. दोन डब्यांत तो वास सुरू झालेला होता. कोयनेच्या पावसात थांबणं म्हणजेही एक निर्णयच होता.

दुसरा मार्ग सोपा: तेवढा एक फोटो काढायचा, माफी मागायची आणि पुढे जायचं. बहुतेक लोक हेच करतात. कुंकवाच्या फोटोच्या वेळी नातवानेही हेच केलं होतं. चौथा, पाचवा फोटो येणारच होता.

चेहरे धूसर करण्याची सूचना एका मित्राने केली. स्टुडिओच्या फोटोत चेहऱ्याशिवाय उरतं काय? तो पर्याय तिथेच संपला. सगळा साठा एखाद्या संग्रहालयाला देण्याचा विचार थोडा जास्त टिकला, कारण तिथे थंड, कोरडी खोली मिळाली असती. पण मग सोलापूरकडे वसलेल्या म्हाताऱ्याला आपल्या आईचा फोटो पाहायला अर्ज करावा लागला असता, आणि परवानगीचा प्रश्न तसाच राहिला असता.

या चर्चेत एक गृहीत पुन्हा पुन्हा येत होतं: फोटो आजोबांनी काढले, म्हणजे ते आपले. साताऱ्यातल्या एका वकिलांनी ते दुरुस्त केलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 असं सांगतं, की एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, फोटो काढवून घेणारा माणूस असतो. म्हणजे पैसे देऊन स्टुडिओत उभा राहिलेला गिऱ्हाईक. आजोबांनी स्वतःच्या मनाने काढलेले फोटो, जसे बाजार, नदी, भूकंपानंतरची पडझड, एवढेच घरच्यांचे. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही इतर कलाकृतींसारखंच, म्हणजे कर्त्याच्या (फोटो काढणाऱ्याच्या) मृत्यूनंतर 60 वर्षांचं संरक्षण आहे. घरात हे ऐकून बराच वेळ कुणी काही बोललं नाही. निगेटिव्हचा तुकडा घरचा, पण त्यावरचा हक्क नोंदवहीत लिहिलेल्या नावाचा.

मला कायद्यापेक्षाही नोंदवही महत्त्वाची वाटली. तिच्यात प्रत्येक नंबरापुढे घर होतं. म्हणजे काम उलट्या टोकापासून करता येत होतं. फोटो आधी वाटून मग ओळख विचारण्याऐवजी आधी घर शोधायचं, फोटो घरी पोचवायचा, आणि तो पुढे जावा की नाही हे त्या घराला ठरवू द्यायचं. वेळखाऊ मार्ग. नातवाने तोच घेतला, पण त्याआधी त्या आजींना भेटून यायचं असं ठरवलं. तोवर रोजचा फोटो बंद.

काय केलं

पहिला निर्णय भेटीला कोणी जायचं याचा होता. नातवाला एकट्याने जायचं होतं. मी आत्यांना न्यायला सांगितलं. आत्या म्हणजे स्टुडिओवाल्या आजोबांची मुलगी. लहानपणी ती डार्करूमच्या दाराशी बसून प्रिंट वाळत घालायची, आणि त्या आजींना ती ओळखत होती. हे सुचायला मोठी अक्कल लागत नाही, पण अशा कामात घरातल्या बायकांना सगळ्यात शेवटी विचारलं जातं, असा माझा अनुभव आहे.

भेटीचा वृत्तान्त आत्यांनी मला सांगितला. आजींच्या मुलाने दारातच तोंड फिरवलं. आजी मात्र बसल्या. नातवाने मोबाईल काढला नाही. कागदावर काढलेली एक प्रिंट आणि मूळ निगेटिव्ह तो घेऊन गेला होता. आजींनी प्रिंट डोळ्यांजवळ नेली.

"मोबाईलमधी लुगडं निळं केलं हुतं कुणी तरी. निळं नव्हतं ते. अंजिरी हुतं, आईचं. मला लांब व्हायचं म्हणून कमरंला दुमडून नेसवलं हुतं."

कमरेशी जाड घडी दिसतेच. इतक्या लोकांनी तो फोटो पाहिला, पुढे पाठवला, त्यावर लिहिलं; ती घडी कुणालाही दिसली नव्हती.

मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या. "त्या लोकांनी न्हाई म्हटलं. माझा दादा चालत गेला आन् फोटू माघारी आणला. आईनं चुलीत घातला. मिटलं हुतं ते. मग ह्यो कुठनं आला?"

स्थळासाठी दिलेला फोटो परत मागून आणण्याची रीत ज्यांना आठवते, त्यांना या वाक्याचं वजन कळेल. मुलीचा फोटो परक्या घरी राहू नये, म्हणून भाऊ मैलोन्‌मैल चालत जात. त्या घराच्या दृष्टीने फोटो परत आला, जळाला, गोष्ट संपली. निगेटिव्ह नावाची वस्तू असते आणि ती स्टुडिओत राहते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

नातवाने पाकिटातून निगेटिव्ह काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली. निगेटिव्हमध्ये केस पांढरे दिसतात. "ही मी व्हय?" एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, "ह्ये तुजं का माजं?"

नातू म्हणाला, "तुमचं, काकी."

हा दुसरा निर्णय, आणि तो त्याने कुणालाही न विचारता जागच्या जागी घेतला. निगेटिव्ह आजींकडे राहिली. घरी येऊन त्याने आपल्याकडची डिजिटल प्रतही पुसली. आत्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की तो उजेड, ती किनार, हे बाबांचं काम आहे. त्यांच्या हातच्या सर्वांत चांगल्या फोटोंपैकी तो एक. वाटू नका, पण एक प्रत घरात राहू द्या. जतनाचे सगळे संकेत आत्यांच्या बाजूने आहेत. मूळ वस्तू हातची जाऊ देऊ नये, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. तरीही माझं मत नातवाच्या बाजूचं आहे. एकदा परत मागून घेतलेला फोटो दुसऱ्यांदा परत मागितला जात होता, आणि "देतो, पण एक प्रत ठेवतो" हे उत्तर म्हणजे खरं देणं नव्हतं. आत्या आणि मी यावर आजही सहमत नाही.

त्यानंतर कामाची पद्धत बदलली. नोंदवह्या आधी उतरवून घेतल्या. गावातले एक निवृत्त मास्तर आणि आत्या रोज संध्याकाळी नंबर आणि पाकिटं जुळवायला बसत. खराब होऊ लागलेले डबे वेगळे काढून त्यांचं डिजिटल रूप आधी केलं. टॅबलेट बाजूला ठेवला. सपाट उजेडाची पेटी, अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स आणि स्टँड घेतला. प्रत्येक फोटोची बाजू नथ, पदर, मनगटावरचं घड्याळ किंवा दुकानाची पाटी पाहून तपासायची. स्कॅनरमधली धूळ आपोआप काढण्याची इन्फ्रारेडची सोय इथे उपयोगाची नाही, कारण कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं, तो चांदीचा थर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारे किरण) अडवतो आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. म्हणून धूळ मऊ ब्रशने हाताने काढायची. पाण्याचा थेंबही लावायचा नाही. बुरशी लागलेला चित्राचा जिलेटिनचा थर त्याने सुटून येतो.

वाटणीची वेळ ठरली चैत्रातली जत्रा, कारण मुंबईकर तेव्हा गावी येतात. शाळेच्या वर्गांत बाकांवर गावांप्रमाणे छोट्या प्रिंट मांडल्या. मोठ्या मुद्दाम केल्या नाहीत: चेहरा ओळखू यावा, पण मोबाईलने टिपून पुढे पाठवण्याजोगी ती नसावी, एवढ्याच आकाराच्या. आपल्या घरचा फोटो ओळखला की कागदावर सही करायची आणि चार गोष्टींतली एक सांगायची: फक्त घरी द्या, गावापुरता दाखवा, कुणालाही दाखवा, किंवा आम्हाला परत द्या आणि तुमच्याकडे ठेवू नका. चौथी गोष्ट त्या आजींमुळे कागदावर आली. फोटो रंगीत करू नये, हेही खाली छापलं. आईच्या लुगड्याचा रंग यंत्राने ठरवायचा नाही, असं नातवाचं म्हणणं होतं.

स्थळासाठी काढलेले एकट्या मुलींचे फोटो बाकांवर मांडलेच नाहीत. नोंदवहीवरून घर शोधून ते हातोहात दिले, शक्यतो त्या बाईच्याच हातात. "शेवटचे फोटो" म्हणून जी एक जात असते, गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून भोवती घरच्यांनी उभं राहून काढलेले, तेही मांडले नाहीत. मला वाटलं होतं, ते कुणी नेणार नाही. उलट झालं. अनेक घरांत बापाचा किंवा आजीचा तेवढाच एक फोटो होता. सोलापूरकडे वसलेल्या एका कुटुंबातल्या वृद्धाने आईचा असा फोटो घेतला आणि कुणालाही दाखवा, या रकान्यात सही केली. लोकांनी पाहू दे, आमच्या आईला कुणी पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले. काय खाजगी आणि काय सगळ्यांचं, याचा अंदाज बाहेरून बांधणं किती चुकीचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

निष्पत्ती

पुनर्वसित गावांपर्यंत प्रिंट पोचल्या, ही मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. एका वसाहतीत लोकांनी लग्नाच्या एका वरातीच्या फोटोवरून बुडालेल्या गावातली घरं ओळीने ओळखली: हे पाटलांचं, हा गोठा, इथून ओढ्याकडे वाट. मास्तरांनी ते लिहून घेतलं. अशी माहिती रोज रात्री एक फोटो टाकून मिळाली नव्हती. तिथे "छान", "जुन्या आठवणी" आणि हात जोडलेली चित्रं यायची.

सगळंच जमलं नाही. नोंदवहीतली मोठी संख्या अजून घराशी जुळलेली नाही. काही घरांनी फोटो नाकारले, कारण सांगितलं नाही. ते विचारलंही नाही. एका फोटोवर दोन चुलत घराण्यांनी हक्क सांगितला, एकाला तो सगळ्यांना दाखवायचा होता, दुसऱ्याला नाही. तो सध्या पाकिटात आहे.

आजींचा निळ्या लुगड्यातला फोटो अजून फिरतो. तो थांबवण्यासाठी नातवाने जमेल तिथे विनंत्या केल्या, मोडलेल्या स्थळाची माहिती लिहिणाऱ्याने आपला मजकूर काढला, पण शुभेच्छापत्र कुठे कुठे पोचलंय हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांचा मुलगा नातवाशी बोलत नाही. आजी मात्र जत्रेत शाळेत येऊन गेल्या. त्यांनी आपल्या दादाचा पासपोर्ट साईजचा फोटो शोधून घेतला आणि सहीच्या जागी अंगठा न उठवता सावकाश नाव लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

नोंदवही आधी उघडायला हवी होती. पेट्या आणि वह्या एकाच दिवशी, एकाच माळ्यावरून खाली आल्या होत्या. निगेटिव्ह दिसायला सुंदर आणि वही रुक्ष, म्हणून क्रम चुकला. ज्यांच्या हाती असा साठा लागेल त्यांनी पहिला आठवडा फक्त वह्यांना द्यावा. वह्या नसतील तर पाकिटावरचे नंबर, काचेच्या कडेला कोरलेली अक्षरं आणि गावातली सत्तरीपुढची माणसं, यांच्यापासून सुरुवात करावी.

फोटोखाली अंदाज लिहू नये. "विधवा", "गावाकडची स्त्री", "अनोळखी जोडपं" ही सगळी पाहणाऱ्याची भर असते. नंबर, नोंदवहीतलं साल आणि "ओळख पटलेली नाही" एवढं पुरे. कृष्णधवल फोटो आपल्याला जुना वाटतो, आणि जुना वाटला की त्यातलं माणूस इतिहासजमा झालं असं आपण धरून चालतो. 1965 मधली सतरा वर्षांची मुलगी इतिहासात गेलेली नाही, ती शेजारच्या गावात राहते.

कुंकवाच्या फोटोनंतर थांबायला हवं होतं, असं नातू आज म्हणतो. मला ते त्याच्यावर अन्याय करणारं वाटतं. त्या वेळी ती मजकुराची चूक दिसत होती आणि मजकूर त्याने सुधारला. तिथे निगेटिव्ह आणि प्रिंट यांतला फरक सांगणारं कुणी जवळ असतं, तर कदाचित पुढचं टळलं असतं. आत्या जवळच होत्या. प्रिंटवर शाईचे ठिपके देताना त्यांनी बाबांना शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही.

माझ्या सल्ल्यातही एका गोष्टीवर वाद होऊ शकतो. सहीच्या कागदावर आम्ही एका घराची एकच सही घेतली, आणि ती बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाची झाली. फोटो जिचा, ती हयात असेल तर सही तिचीच, हा नियम स्थळांच्या फोटोंना लावला, बाकीच्यांना लावला नाही. पुढच्या जत्रेत तो सगळ्यांना लावायचं ठरलं आहे.

भूकंपानंतरच्या निगेटिव्हचा निर्णय बाकी आहे. आजोबांनी त्या स्वतःच्या मनाने काढल्या, त्यामुळे कायद्याने घरच्यांना त्या दाखवायला कुणाची आडकाठी नाही. त्यात पडलेली घरं आहेत आणि ढिगाऱ्यासमोर बसलेली, ओळखू येणारी माणसंही आहेत. मास्तरांचं मत, 11 डिसेंबरला त्या शाळेत मांडाव्यात, नव्या पिढीने पाहायला हव्यात. आत्यांचं मत, आधी त्या घरांना विचारा. या वेळी मी आत्यांच्या बाजूला आहे, आणि नातू यादी घेऊन घरोघर जायला लागला आहे.